बर्फ वरून पडतो

(प्रभागसंघाच्या कौशल्य शिबिरात सजावटीचं काम करणाऱ्या आपल्या एका प्रशिक्षक ताईंनी केलेलं भाषण. ज्या तायांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी देत आहोत. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आधी एक विचारते. तुमच्यापैकी किती जणींनी खरा बर्फ पडताना पाहिलाय? गोळ्याचा नाही, फ्रीजमधला नाही, आभाळातून पडणारा. दोनच हात वर झाले. एक काकू चारधामला गेल्या होत्या आणि एका ताईंचे मिस्टर लष्करात आहेत. बाकी आपण सगळ्या सारख्याच. मीसुद्धा पाहिलेला नाही. आणि गेली काही वर्षं माझ्या घरखर्चातला एक भाग ह्या न पाहिलेल्या बर्फावर चालतो.

तुम्हाला माहीतच आहे, गणपती जवळ आले की चाकरमानी फोन करतात. मोबाईलवर फोटो पाठवतात. यंदा केदारनाथ पाहिजे, यंदा कैलास, यंदा अमरनाथची गुहा. डिसेंबरात नाताळच्या गोठ्याची मागणी येते, वसईकडून येते, गोव्याकडून येते. आणि आता शहरातल्या मुलींसाठी बाहुलीघरं. आपली भातुकली होती ना, तसंच, फक्त अख्खं घर. त्यातही कुणीतरी म्हणतं, छपरावर बर्फ दाखवा. म्हणजे बर्फाला मागणी आहे. पण गावोगाव जो बर्फ बनतो तो कसला असतो? कापसाचा गठ्ठा फाडायचा आणि फेविकॉल लावून सगळीकडे चिकटवायचा. मंदिराला दाढी फुटल्यासारखं दिसतं. तसला बर्फ गिऱ्हाईक स्वतः घरी करू शकतं, मग त्याचे पैसे तुम्हाला का देईल? म्हणून आज मी बर्फ कसा चिकटवायचा ह्याच्या आधी बर्फ कुठे बसतो हे सांगणार आहे. कामाचे पैसे त्या समजेला मिळतात.

न पाहिलेला बर्फ समजून घ्यायचा तर कुठे जायचं? पिठाच्या गिरणीत जा. खरंच सांगते. गिरणीत उभं राहून नीट बघा. पीठ उडतं आणि हळूहळू खाली बसतं. बल्बच्या डोक्यावर बसतं, खालच्या काचेवर नाही. तारेवर एक बारीक पांढरी रेघ असते, तारेच्या खाली काही नाही. खिडकीच्या खालच्या चौकटीवर ढीग, उभ्या बाजूला नुसता धुरळा. कोपऱ्यात जास्त, वाऱ्याच्या वाटेत कमी. बर्फ तसाच बसतो. तो वरून पडतो आणि जिथे टेकायला जागा मिळेल तिथे टेकतो. भिंतीला तो सहसा चिकटत नाही. छपराखालच्या जागेत, पडवीत, झाडाच्या बुंध्याशी तो कमी असतो. तुम्ही देखाव्यात जितक्या जागा कोरड्या ठेवाल तितका बर्फ खरा वाटेल. सगळं पांढरं केलं की चुन्याची भट्टी दिसते.

कैलासाचं उदाहरण घ्या. तो पर्वत तिबेटात आहे, 6,638 मीटर उंच. आपण देखाव्यात त्याला आईस्क्रीमच्या कोनासारखा पांढराशुभ्र करतो. फोटो मोठा करून बघा. त्याच्या दगडाला आपल्या सह्याद्रीच्या कड्यांसारखे आडवे थर आहेत. प्रत्येक थराच्या पायरीवर बर्फ थांबतो आणि मधला उभा कडा काळाच राहतो. त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे तर तो कैलास म्हणून ओळखू येतो. तुम्हाला पट्टे कुठे काढायचे ते कळत नसेल तर पावसाळ्यात घाटातला कडा आठवा. कड्यावर गवत जिथे उगवतं, तिथे टेकायला जागा असते. तिकडे त्या जागेवर बर्फ असतो. एवढं लक्षात राहिलं की पुढचं काम हाताचं आहे.

केदारनाथाचं थोडं वेगळं आहे. ते मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. भाऊबीजेच्या सुमाराला दरवाजे बंद होतात, देवाची उत्सवमूर्ती खाली उखीमठाला नेतात, आणि वैशाखात अक्षय्य तृतीयेच्या आसपास पुन्हा दरवाजे उघडतात. म्हणजे मंदिर बर्फात बुडालेलं असतं तेव्हा तिथे यात्रा नसते. आपल्या देखाव्यात मात्र छपरावर हातभर बर्फ आणि खाली रांगेत भाविक, घोडे, डोल्या. ज्यानं यात्रा केलीय तो बघतो आणि हसतो. तेव्हा ऑर्डर घेतानाच विचारा, दादा, यात्रेचा केदारनाथ पाहिजे की थंडीतला? यात्रेचा असेल तर मागच्या शिखरांवर बर्फ, मंदिराच्या आसपास कोपऱ्याकोपऱ्यात उरलेले मळके ढीग, बाकी दगड आणि ओली माती. थंडीतला असेल तर माणूस एकही नको, दरवाजा बंद, पायऱ्या बुजलेल्या. आणि 2013 च्या महापुरात मंदिरामागे येऊन अडकलेली ती मोठी शिळा विसरू नका, ती नसली तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. असा प्रश्न विचारला की गिऱ्हाइकाला कळतं, ह्या बाईला काम माहीत आहे. तिथेच अर्धा भाव ठरतो.

आता साहित्य. डोंगराचा सांगाडा तुम्हाला येतोच. रद्दीचे बोळे, वरून किलतान किंवा जुना कपडा खळीत बुडवून. थर्माकोल नको. 23 मार्च 2018 ला राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली, त्यात सजावटीचं थर्माकोलही आलं. खळीत किडे लागू नयेत म्हणून कुणी मोरचूद घालतं. मोरचूद विष आहे, पोरांच्या आणि जनावरांच्या तोंडी जाता कामा नये. घातलंच तर ते भांडं वेगळं ठेवा, उरलेली खळ उकिरड्यावर टाकू नका, शेरडं खातात. सांगाडा पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जायचं नाही. भाद्रपदात हवा ओली असते, आपल्याकडे दोन दिवसांचं वाळण चार दिवसांवर जातं. तेवढा वेळ आधीच धरा, नाहीतर आतून बुरशी येते आणि गणपतीच्या खोलीत कुबट वास सुटतो.

पांढरं काय वापरायचं ह्यावर बायका खूप प्रयोग करतात. मीठ वापरतात. मीठ आपल्या हवेत पाणी सोडतं, तिसऱ्या दिवशी डोंगर घामेजतो आणि तारा गंजतात. साखर, रवा, पीठ घातलं की मुंग्या आल्याच. खाण्याचा सोडा बरेच जण वापरतात, पांढरा छान दिसतो, पण ओल्या हवेत त्याचे गोळे होतात आणि काही महिन्यांत तो पिवळट पडू शकतो. एका दिवसाच्या देखाव्याला चालेल, विकायच्या वस्तूला नाही. माझं मत विचाराल तर आपली पांढरी रांगोळी. दगडाची पूड आहे, पाणी धरत नाही, मुंगी बघत नाही, गावात मिळते.

पण रांगोळी थेट पुडीतून नाही वापरायची. इथे प्रमाणाची गोष्ट येते. बाहुलीघराचं एक चालू माप आहे, एका फुटाला एक इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी 1921 ते 1924 मध्ये एक बाहुलीघर बांधलं होतं, ते ह्याच मापाचं. ज्या ल्युटेन्स साहेबांनी दिल्लीचं आताचं राष्ट्रपती भवन बांधलं त्यांनीच ते केलं. त्यात नळाला खरं पाणी येतं, विजेचे दिवे लागतात. ते आजही विंडसरच्या किल्ल्यात आहे. सांगायचं एवढंच की ह्या मापात पाच फुटी माणूस पाच इंचांचा होतो. मग बर्फाचा कण केवढा होईल? धुळीएवढा. रांगोळीचा जाड कण त्या बाहुलीच्या पायाशी खडीसारखा दिसतो. म्हणून वस्त्रगाळ करा. आणि चमकी तर नकोच. चमकीचा एक तुकडा त्या मापात फारच मोठा दिसतो. अगदी चमक हवीच असेल तर अभ्रकाची पूड, तीही चिमूटभर. बर्फ किती जाड दाखवायचा हेही बाहुलीवरून मोजा. गुडघाभर बर्फ म्हणजे बाहुलीच्या गुडघ्याएवढा. छपरावर बोटभर जाड थर दिला तर तो बाहुलीच्या मापात पुरुषाच्या मांडीएवढा होतो, तेवढ्यानं खरं छप्पर वाकेल.

वस्त्रगाळ करताना नाकाला ओला रुमाल नाही, चांगला मास्क बांधा आणि वाऱ्याच्या बाजूला तोंड करून बसू नका. हे मी उगाच सांगत नाही. रांगोळी कुठल्या दगडाची आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. गारगोटीचा दगड असेल तर त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. दगडखाणीत काम करणाऱ्यांना जो दम्यासारखा त्रास होतो तो ह्याच धुळीनं. बर्फाच्या नादात लोकांनी पूर्वी ह्याहून वाईट केलंय. अमेरिकेत 1930 च्या सुमाराला नाताळच्या झाडावर कापूस लावायचे, त्याला आग लागायची. म्हणून मग न जळणारा बर्फ म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचा भुगा डब्यातून विकायला लागले. घराघरांत लोकांनी तो हातानं भुरभुरवला. अ‍ॅस्बेस्टॉसनं फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सगळ्यांना कळेपर्यंत बरीच वर्षं गेली. तेव्हा जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा चुरा कुणी सुचवला तर हात लावू नका. आणि चाळायचं काम एकाच बाईवर दरवर्षी टाकू नका, आळीपाळीनं करा. चाळणीवर थोडं पाणी शिंपडलं तर धूळ कमी उडते का, असं एक ताई विचारतायत. नाही ताई, ओली रांगोळी चाळणीतून खाली येणार नाही. दार उघडं ठेवा, पंखा पाठीमागे लावा, मास्क बांधा.

आता लावायचं कसं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, थर आणि भुरभुर.

थर म्हणजे छपरावर, पायरीवर, कठड्यावर साचलेला बर्फ. रांगोळी, पांढरा फेविकॉल आणि थोडा पांढरा पाण्याचा रंग एकत्र कालवा. श्रीखंडाएवढं घट्ट. चमच्याच्या मागच्या बाजूनं ठेवा आणि कडा गोल करा. साचलेल्या बर्फाला धारदार कड नसते. छपराच्या टोकाला तो किंचित पुढे येऊन लोंबतो, उशीसारखा. मग त्यावर ओलं असतानाच वरून कोरडी रांगोळी चाळा. त्यानं फेविकॉलचा तुकतुकीतपणा मरतो. हे विसरलात तर बर्फ चिनीमातीच्या बशीसारखा चमकतो.

भुरभुर म्हणजे झाडावर, दगडावर, मातीवर पडलेला पातळ बर्फ. इथे फेविकॉलमध्ये पाणी घालून पातळ करा, कुंचल्यानं फक्त वरच्या बाजूला लावा, आणि चहाची गाळणी हातभर उंच धरून हलकं ठोकत रांगोळी सोडा. हात हलवू नका, गाळणी ठोका. वाळल्यावर देखावा तिरका करून जास्तीची झटका. बस्स. बोटानं कुठे काही लावायचं नाही. वरून पडू द्या, ती आपली जागा आपण शोधते. तायांनो, ह्या एका गोष्टीनं तुमच्या आणि दुसऱ्याच्या कामात फरक दिसेल.

रंगाचं एक गुपित आहे, आणि ते तुमच्या मोरीत आहे. नीळ. बर्फाची सावली राखाडी नसते, निळसर असते. पांढऱ्या रंगात नीळीचा एकच थेंब टाका, खरंच एक, आणि छपराच्या खालच्या कडेला, पावलांच्या खड्ड्यांत, डोंगराच्या एका बाजूला ते पातळ पाणी फिरवा. मग घराच्या खिडकीत आतून एक पिवळा छोटा दिवा लावा. पिवळ्यापुढे निळं आणखी गार दिसतं. बघणाऱ्याच्या अंगावर शिरशिरी येते आणि त्याला कळत नाही कशानं.

पायवाटेवर बर्फ पांढरा ठेवू नका. माणसं चालली की चिखल होतो. वापरलेली चहा पावडर धुऊन कडक उन्हात वाळवा, ती मातीला उत्तम. नीट वाळली नाही तर बुरशी धरते. पावलं उमटवायची तर ओल्या थरावर काडीच्या टोकानं, एकाआड एक. दोन्ही पाय शेजारी उमटवले तर चिमणीची पावलं होतात.

देवदाराची झाडं विकत घेऊ नका. आपल्याकडे काथ्या आहे. दोन तारा घ्या, त्यांच्यामध्ये काथ्याचे तुकडे आडवे पसरा, एक टोक खिळ्याला अडकवून दुसरं पिळत जा. बाटली धुवायच्या ब्रशासारखं होईल. मग कात्रीनं वर निमुळतं, खाली पसरट कापा, गडद हिरवा रंग द्या, आणि वाळल्यावर वरून चाळा. फांदीच्या वर पांढरं, खाली हिरवं. शंभर झाडं एका दुपारी चार बायका गप्पा मारत करतात. झाडं, दगड आणि घरं सुटी ठेवा, तळाला कायमची चिकटवू नका. का ते भावाच्या वेळी सांगते.

लोंबणारे बर्फाचे सुळके करायला ग्लू गन. स्टीलच्या ताटलीला तेलाचं बोट फिरवा, त्यावर गरम गोंदाची बारीक शेपटी ओढा, गार झाल्यावर सोलून घ्या. सगळे एका मापाचे करू नका, कंगव्यासारखे दिसतात. आणि ते सगळीकडे नसतात. छपरावरचा बर्फ उन्हानं किंवा घरातल्या उबेनं वितळतो, थेंब खाली येताना पुन्हा गोठतो, तेव्हा सुळका होतो. म्हणून उन्हाच्या बाजूला, पागोळ्या जिथून पडतात तिथेच. पागोळ्या आपल्याला कुणी शिकवायला नकोत. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवा, तो गोंद हाताला लागला तर फोड येतो.

अमरनाथाचं लिंग हा भुसभुशीत बर्फ नाही, ते घट्ट गोठलेलं पाणी आहे. तिथे रांगोळी वापरली तर ते मातीचं वाटतं. तिथे पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा मुरगळून आत लहान पांढरा दिवा ठेवा, बाहेरून फेविकॉलचे पातळ हात द्या, वाळल्यावर तो पांढरा राहत नाही, पाण्यासारखा होतो. गोठलेलं तळंही तसंच. जुन्या सीडीच्या डबीचं झाकण घ्या, रंग खालच्या बाजूनं द्या, नीळ आणि थोडा हिरवा. वरून सुईनं दोनचार ओरखडे.

खिडकीच्या काचेवर दहिवर गोठल्यासारखी नक्षी करायची तर खताच्या दुकानात जा. कापसावरच्या लाल्यासाठी आपले शेतकरी मॅग्नेशियम सल्फेट फवारतात ना, तेच. थोड्या गरम पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि प्लास्टिकच्या काचेवर कुंचल्यानं फिरवा. वाळताना सुयांसारखे खडे आपोआप फुटतात, दर वेळी नवी नक्षी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत दव गोठतं त्याचे फोटो पेपरात येतात, अगदी तसं. मला ह्या कामात सगळ्यात जास्त मजा ह्याच्यात येते.

मग कापूस कुठेच नाही का? आहे. पिंजून अगदी विरळ केलेला कापूस म्हणजे शिखरावरचा ढग. तिथे तो शोभतो. पण समईपासून, निरांजनापासून, तापणाऱ्या दिव्यांपासून लांब. दोन हात तरी. जुन्या बल्बच्या माळा तापतात, त्या कापसात गुंडाळायच्या नाहीत, एलईडी वापरा. घरच्या गणपतीत आरतीच्या वेळी दहा माणसं आणि चार पोरं दाटीवाटीनं उभी असतात, हातात ताट पेटलेलं. तिथे गिऱ्हाईक म्हणालं, अजून कापूस लावा, तरी नाही म्हणायचं. एक ऑर्डर गेली तरी चालेल.

नाताळच्या गोठ्यात बर्फ किती घालायचा असं मला विचारतात. गोठा मांडायची पद्धत इटलीत 1223 साली संत फ्रान्सिसनं ग्रेच्चो गावात सुरू केली असं मानतात. बर्फ त्या युरोपच्या थंडीतून आला. बेथलेहेम डोंगरावरचं गाव आहे, तिथे क्वचित बर्फ पडतो, दरवर्षी नाही. म्हणून गोठ्याला मी भुरभुरच देते, छपराच्या पेंढ्यावर हलकीशी. पण ज्यांना भरपूर हवा त्यांना भरपूर. त्यांचा सण, त्यांची आवड. वाद घालायचा नाही.

आता भाव. इथे तुम्ही सगळ्या गप्प होता, मला माहीत आहे.

गिऱ्हाईक म्हणतं, "वहिनी, रांगोळीच तर आहे, तिचे एवढे पैसे?" आणि आपण लगेच उतरतो. का? कारण आपल्याला आतून वाटतं की ही हौस आहे, काम नाही. लावणीला गेलात तर दिवसाचा दर तुम्ही मागता की नाही? तोच दर इथे धरा, किमान. समजा तीन फूट बाय दोन फुटांचा केदारनाथ आहे. दोघी जणी तीन दिवस, म्हणजे सहा दिवसांची मजुरी. तुमच्याकडे दर साडेतीनशे असेल तर 2,100 रुपये. साहित्य 650, नेण्या-आणण्याचे 250. झाले 3,000. गटाचा वाटा 300, मोडतोड आणि दुरुस्तीसाठी 300. म्हणजे 3,600. ह्यात तुमच्या घरची वीज, तुमच्या घरची जागा अजून धरलेलीच नाही. आता मला सांगा, दीड हजारात दिला तर तोटा कुणाचा? तुमच्या मजुरीचा. साहित्यवाला दुकानदार तर आपले पैसे घेऊन मोकळा झाला.

आणि 3,600 कुणाला जड वाटत असतील तर भाड्यानं द्या. सजावटीचं विसर्जन होत नाही. 1,200 रुपये एका सणाचे, तीन सणांत पैसे फिटले. झाडं, दगड, घरं सुटी ठेवा म्हणाले ती ह्याचसाठी. गणपतीतले देवदार डिसेंबरात गोठ्यात जातात, केदारनाथाचा डोंगर पुढच्या वर्षी कैलास होतो. निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची, आणि ती गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहायची. कुणी किती दिवस काम केलं तेही लिहा, चाळायला बसलेल्या बाईचे तास धरून. एका गावात मी पाहिलं, देखावा रंगवणारीचं नाव झालं आणि काथ्या पिळणाऱ्या चौघींना चहा मिळाला. असं गटात चालत नाही.

पहिल्या वर्षी मोठी ऑर्डर घेऊ नका. एक वीतभर घर करा, बुटाच्या खोक्यात बसेल एवढं. छप्पर, दोन झाडं, एक पायवाट, खिडकीत दिवा. प्रदर्शनाला नेता येतं, एसटीत मांडीवर धरता येतं, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना होतो.

पुढच्या मंगळवारी आपण हेच करणार आहोत, ग्रामसंघाच्या खोलीत, अकरा वाजता. येताना बुटाचं रिकामं खोकं, जुनी कात्री, मूठभर काथ्या आणि पांढऱ्या रांगोळीची एक पुडी आणा. मास्क प्रत्येकीनं आपापला. फेविकॉल, नीळ आणि ग्लू गन गटाकडून. चहाची गाळणी मात्र घरातली रोजची आणू नका, जुनी आणा किंवा नवी घ्या. एकदा ह्या कामाला लागलेली गाळणी परत चहाला वापरायची नाही, आणि हे घरी सासूबाईंनाही सांगून ठेवा.